रंध्याची बोली

दशरथचं पत्र येऊन आठ महिने झाले, तरी महिपतरावांनी उत्तर धाडलं नव्हतं. पत्र दोनच ओळींचं होतं : ‘माझा लोखंडी रंधा तुझ्याकडे राहिला आहे. हात चालतात तोवर पाठव.’ खडकीच्या कारखान्यात दोघांनी तीस वर्षं शेजारी उभं राहून लाकडी पेट्या बनवल्या होत्या. पुढे दशरथ चंद्रपूरला गेला. रंधा मात्र क्वार्टर सोडून कर्वेनगरला येताना गहाळ झाला. हे लिहायचं कसं? ‘पत्रास कारण की’ इथपर्यंत पेन जाई आणि थांबे. आपण रंधा विकला असं दशरथला वाटलं, तर उरलेला एकमेव मित्रही गेला.

खराडीला नोकरी करणाऱ्या सुनेने, प्रियदर्शनीने, वाट काढली.

“बाबा, इथे जुन्या हत्यारांचा ऑनलाइन लिलाव असतो. हा बघा, सेम रंधा. आकडा टाकायचा, बटण दाबायचं.”

महिपतरावांना एकच लिलाव ठाऊक होता, गावच्या गणपतीतला. ज्या वस्तूला कुणी विचारत नाही तिला निदान एक बोली लावायची, नाहीतर देणाऱ्याचा अपमान. आणि समोरचा तिसऱ्यांदा चढला, की त्याची श्रद्धा समजून आपण मागे सरायचं. रंध्यावर कुणीतरी तिसऱ्यांदा चढलं. महिपतराव सवयीने मागे सरले. आपण काय केलं हे ध्यानात येईतो लिलाव संपला होता.

मंगळवारपासून खोकी येऊ लागली.

“करवतीला दात नाहीत,” त्यांच्या पत्नी वेणूबाई म्हणाल्या.

“जुनी आहे ती.”

“जुने तुम्हीही आहात. दोन-चार तरी आहेत ना?”

हातोडा आला, दांड्याशिवाय. पकड आली, ती मिटेचना. एका खोक्यात रंध्याची नुसती तीन पाती निघाली.

“बाबा, तुम्ही अकरा लिलाव जिंकलात.”

“मी कुठे जिंकलो? मी फक्त मान राखला.”

“राखा आता,” वेणूबाई म्हणाल्या, “पलंगाखाली.”

प्रियदर्शनी परतीची सोय शोधू लागली. परतीची सोय नव्हती. रंध्याच्या फोटोखाली मात्र घेणाऱ्याची तक्रार होती. ती तिने वाचून दाखवली : “रंधा पोचला. फोटोत पातं होतं, खोक्यात नाही. खडकीत असला माल कुणी हातात धरला नसता. दशरथ, चंद्रपूर.”

महिपतरावांनी तिला ते पुन्हा वाचायला लावलं.

“काय झालं?” वेणूबाईंनी विचारलं.

“काही नाही. पोस्टकार्ड आहे का घरात?”

या वेळी पेन थांबलं नाही. ‘प्रिय दशरथ, तुझा रंधा माझ्याकडून हरवला. विकला नाही. तू घेतलास त्यावर दोनदा बोली लावणारा मीच. पात्याची रुंदी कळव, माझ्याकडे तीन आहेत.’

चपला घालून ते स्वतः कोपऱ्यावर गेले आणि त्यांनी कार्ड पेटीत टाकलं.