तेजसला हळद लागली

आमच्या घरात औषधांचं कपाट नाही, कारण त्याची कधी गरजच पडलेली नाही. मार्केट यार्डात आमचा मसाल्याचा गाळा आहे, मी तिसऱ्या पिढीतला, आणि तिन्ही पिढ्यांत कुणाला कापलं, खरचटलं, सोललं की इलाज एकच: चिमूटभर हळद दाबायची आणि कामाला लागायचं. दाढी करताना कापलं तर तुरटी, भाजलं तर कोरफड, टाचेला भेग पडली तर तूप. अर्ध्या यार्डाच्या बोटांवर मी स्वतः हळद दाबलेली आहे आणि आजवर एकही बोट गळून पडलेलं नाही! हे मी भेटेल त्याला सांगतो. आमच्या बायकोचं, शालनचं म्हणणं असं की न भेटेल त्यालाही सांगतो.

तर त्या रविवारी आमच्या कर्वेनगरच्या फ्लॅटवर धायरीहून पाहुणे येणार होते. आमचा तेजस आणि त्याच्या ऑफिसातली तनुजा, दोघांनी एकमेकांना पसंत करून ठेवलं होतं. तनुजा गोड मुलगी. तिच्या आई-वडलांचाही होकार होता. अडलं होतं ते तिच्या आजोबांपाशी, गेनबांपाशी. त्यालाही कारण होतं. तनुजाचं आधी एक स्थळ ठरत आलेलं, आणि पेढ्यांची भाषा सुरू झाल्यावर कळलं की मुलाचा साखरपुडा दुसरीकडे कधीच उरकलाय. तेव्हापासून गेनबा मुलाकडच्या माणसांना जात विचारत नव्हते, पगार विचारत नव्हते, फक्त डोळ्यांत बघून एवढंच विचारायचे, "दुसरीकडं काय ठरलंय का?" आम्ही चार वेळा नाही म्हणून झालं होतं. आज संध्याकाळी ते आपल्या मंडळींना, मुक्ताईंना घेऊन शेवटचं हो की नाही सांगायला येणार होते. तेजसनं दोन दिवस धड जेवण केलं नव्हतं. ते "नाही" म्हणाले असते तर तनुजा त्यांचा शब्द मोडणार नव्हती, आणि हे त्याला पक्कं माहीत होतं.

तनुजानं त्याला एक गुपित सांगितलं होतं. आबांना, म्हणजे गेनबांना, ओल्या नारळाच्या करंज्या फार आवडतात, आणि घरकाम करणारा मुलगा त्याहून जास्त आवडतो. झालं! जेवणं झाल्याबरोबर आमचे चिरंजीव पाट घेऊन विळीवर नारळ खवायला बसले. अंगात पाहुण्यांसाठी घेतलेला नवा पांढराशुभ्र झब्बा, जो त्यानं सकाळपासूनच चढवला होता. ज्या मुलानं आयुष्यात कीबोर्ड सोडून कशाला बोट लावलं नाही तो विळीवर बसला, म्हटल्यावर पुढचं सांगायला नको. नारळ निसटला आणि अंगठा सापडला.

रक्त बऱ्यापैकी आलं. शालन म्हणाली, खाली डॉक्टर आहेत, रविवारचेही असतात, घेऊन जा. तेजस म्हणाला, बाबा, घरात बँडेज आहे का? मी दोघांकडे नुसतं बघितलं. हळदीच्या व्यापाऱ्याच्या घरात बँडेज! अंगठा नळाखाली धुवायला लावला, त्याला परत पाटावर बसवलं आणि गाळ्यावरून नमुना म्हणून आणलेली किलोची पिशवी काढली. सांगलीची राजापुरी हळद, बघून डोळे निवावेत असा रंग.

पिशवी दातांनी फाडू नये, एवढं तरी मसाल्यात जन्म काढलेल्या माणसाला कळायला हवं होतं. आणि फाडायचीच असेल तर डोक्यावरचा पंखा पाचवर नसावा.

पिशवी फाटली ती तोंडापाशी नाही, मधोमध. पुढचे काही क्षण घरात कोण कुठे आहे ते दिसेना. धुरळा खाली बसला तेव्हा तेजस पाटावर तसाच बसलेला होता, फक्त पिवळा. केस पिवळे, पापण्या पिवळ्या, झब्बा तर मूळचाच पिवळा वाटावा असा. मी निम्मा पिवळा होतो. अंगठ्यावर मात्र हळद फारशी बसली नव्हती, म्हणून मी झब्ब्यावरचीच गोळा करून दाबायला लागलो.

नेमका तेव्हा शालनच्या बहिणीचा, ललिताचा फोन आला. ललिता वारज्याला राहते आणि दिवसातून एकदा बहिणीशी बोलल्याशिवाय तिला जेवण पचत नाही. एका हाताला करंजीचं पीठ, डोळ्यांत हळद, अशा अवस्थेत शालननं फोन घेतला आणि म्हणाली, "अगं, हे तेजसला हळद लावतायत. नंतर बोलते." आणि फोन ठेवून डोळे आणि केसांतली हळद धुवायला न्हाणीघरात गेली. तिचं न्हाणं म्हणजे तासाभराची निश्चिंती.

आता यात तिचं काय चुकलं सांगा. शब्द न् शब्द खरा होता.

पण ललिता ही तेजसची एकुलती एक मावशी. भाच्याच्या हळदीला कुठली साडी नेसायची हे तिनं तो दहावीत असतानाच ठरवलं होतं. तिनं आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर लिहिलं, "तेजसला आज हळद लागली. सख्ख्या मावशीला कळवण्याची गरज कुणाला वाटली नाही. असो. शुभेच्छा." पुण्यात "असो" म्हटलं की माणूस किती दुखावलाय ते ओळखायचं असतं. मग तिनं ती साडी नेसली, रिक्षा केली आणि डोळे पुसत आमच्या दारात उभी राहिली.

दार मीच उघडलं. तिनं आत पाहिलं. भाचा पाटावर बसलेला, नखशिखांत पिवळा, बाप शेजारी बसून हळद लावतोय. तिचा उरलासुरला संशय फिटला.

"ललिता, अगं बोट," मी म्हणालो.

"लावते ना भावजी. बोलावलं नाहीत तरी बोट लावायचा मान माझाच आहे."

"तसं नाही, त्याचं बोट बघ."

"मी दोन्ही गालांना लावणार," असं म्हणून तिनं गुडघे टेकले, तेजसच्याच छातीवरची हळद घेऊन त्याच्या गालांना फासली, पर्समधून आंब्याचा डहाळा काढला आणि रडत रडत हळदीचं गाणंही म्हणायला लागली. तेजस बोलणार होता, पण तोंड उघडलं की त्याला शिंकाच येत होत्या. तिनं त्याच्या गळ्यात हात टाकून फोटो काढला आणि तोही ग्रुपवर टाकला.

आमच्या त्या ग्रुपवर एक धायरीची माहेरवाशीण आहे. फोटो सिंहगड रस्ता ओलांडून गेनबांच्या ओसरीवर पोचायला किती वेळ लागला असेल, ते मी सांगत नाही. तेजसचा फोन वाजायला लागला तेव्हा शालन अजून न्हाणीघरातून बाहेर आली नव्हती. फोनवर तनुजा होती. आता या नव्या फोनांना बोट लागतं, आणि हळद माखलेलं बोट त्यांना ओळखू येत नाही. तेजसनं घाईघाईनं सगळी बोटं फिरवली. एक फोन कट झाला. दुसराही कट झाला. तिसऱ्या वेळेला त्यानं नाकानं प्रयत्न केला, तो कट होऊन वर तिला आपोआप निरोप गेला, "मी सध्या कार्यक्रमात आहे." तेजस रडवेला झाला. मला म्हणाला, बाबा, संपलं सगळं. पहिल्यांदाच मला त्या पोराची मनापासून दया आली, आणि पहिल्यांदाच मी हळदीची पिशवी खाली ठेवली.

संध्याकाळी येणारे गेनबा भर दुपारी आले. बेल वाजवली नाही, दार उघडंच होतं. पांढरं धोतर, पांढरी टोपी, मागे मुक्ताई आणि त्यांच्यामागे डोळे सुजलेली तनुजा. कुणी या म्हटलं नाही की कुणी बसलं नाही. गेनबांनी तेजसकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि शांतपणे विचारलं,

"कुठली हाय?"

आता तुम्हीच सांगा. चाळीस वर्षं गाळ्यावर बसलेल्या माणसाला, हाताला हळद असताना, कुणी "कुठली" विचारलं तर तो काय सांगणार?

"सांगलीची," मी म्हणालो.

"कधीपासनं चाललंय?"

"आमच्या वडलांपासून. दरवर्षी तिथूनच येते. रंग बघा ना आबा, अशी दुसरीकडे मिळायची नाही."

गेनबांचा चेहरा उतरला. ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते तनुजाकडे वळून एवढंच म्हणाले, "चल पोरी. ह्यांची सांगलीची हाय. वडलांपासनं ठरल्याली."

तेजस पाटावरून उठला. शिंक नाही, खोकला नाही, एका दमात बोलला, "आबा, सांगलीची हळद आहे. मुलगी नाही. तुमच्या करंज्यांसाठी नारळ खवताना मला विळी लागली."

आणि पुरावा म्हणून त्यानं अंगठा वर केला. तोवर मी परत दाबून धरलेला अंगठा मोकळा झाल्याबरोबर हळदीतून रक्ताची धार लागली. शालन न्हाणीघरातून लाल डोळ्यांनी बाहेर आली आणि तिनं सगळ्यांदेखत मला जे सुनावलं, त्यात सगळा खुलासा आपोआप झाला.

गेनबांनी विळी बघितली, नारळ बघितला, रंगलेला खव बघितला. मग ते पाटाशेजारी फतकल मारून बसले आणि हसायला लागले. इतके हसले की टोपी पडली. "सांगलीची," असं म्हणायचे आणि परत सुरू. तनुजा तेजसजवळ जाऊन आपल्या ओढणीनं त्याचा अंगठा बांधायला लागली, आणि ते पाहून माझ्या छातीवरचा दगड उतरला. ललिताला मात्र अजून नीटसं कळलं नव्हतं, ती अधूनमधून गातच होती.

"आता आधी डॉक्टरकडे चला," शालन म्हणाली.

तर मुक्ताई दारात आडव्या उभ्या.

"हळद लागल्यालं पोर असं उंबऱ्याभायेर जात नसतंय."

मी समजावलं, आजी, ही ती हळद नाही, औषधाची आहे. त्या ऐकेनात. पाटावर बसवलं, मावशीनं लावली, गाणं म्हटलं, डहाळा फिरवला, मग आणि निराळी ती काय असते? लागलेली हळद धुऊन टाकली तर अपशकुन. आता मांडव पडल्याशिवाय सुटका नाही. गेनबांनी टोपी उचलून झटकली आणि म्हणाले, "मंजी आता नाय म्हनायची सोयच ऱ्हायली नाय. ठरलं म्हना."

ठरलं! आम्ही चार वेळा डोळ्यांत डोळे घालून जे सांगितलं त्यानं जे झालं नव्हतं, ते एका फाटक्या पिशवीनं केलं. मुक्ताईंनी झब्ब्यावरची उष्टी हळद तनुजासाठी कागदाच्या पुडीत बांधून घेतली, आणि मगच नवऱ्या मुलाला सोडलं. तेही रीतीप्रमाणे, हातात कट्यार देऊन. कट्यार कुठली, आमच्या घरातली भाजीची सुरी, टोकाला लिंबू खोचलेलं.

दवाखान्यात आम्ही शिरलो तेव्हा बाकावरचे पेशंट न सांगता उठून उभे राहिले. पिवळा माणूस, रक्ताळलेला हात, दुसऱ्या हातात सुरी, मागे धोतरातले गेनबा हसतायत. आम्हाला ताबडतोब आत घेतलं. डॉक्टर जखम धुऊन धुऊन हळद काढत होते आणि ती संपत नव्हती. शेवटी ते म्हणाले, "नुसती मोहरीची फोडणी राहिलीय. बाकी सगळं झालंय."

शरमायला हवं होतं, पण त्या दिवशी मी कुणाचं ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत नव्हतो. मी छाती काढून म्हणालो, "डॉक्टर, हसू नका. याच हळदीनं आज दोन घरं जुळवली."

"असं?" डॉक्टर सुईत दोरा ओवत म्हणाले. "मग जखम तेवढी का नाही जुळली?"