दुपारची फेरी

सोलरभाऊंच्या छपरावरचं सोलर रोज दुपारी जेवणं झाली की बंद पडायचं. ढग आल्यावर नाही, संध्याकाळी नाही, अगदी डोक्यावर ऊन रणरणत असताना. जाऊन पाहावं तर जिन्यासमोरच्या स्विचच्या डबीची लाल दांडी खाली आलेली. ती वर केली की सगळं सुरळीत, आणि दुसऱ्या दिवशी परत तेच.

दुसऱ्या कोणाच्या घरी असं झालं असतं, तर भाऊंनी हसत हसत माणूस पाठवला असता. पण सोलर विकणाऱ्याच्याच घरी सोलर बंद पडलं, तर हसायचं कोणी?

त्या भागात उन्हाला तोटा नव्हता. पूर्वी लोक त्याला शिव्या घालत आणि खिडक्यांना जाड पडदे लावत. मग छपरावर वीज होते, उरलेली लाइनला जाते आणि बिल उतरतं, हे कळलं. तेव्हापासून ऊन एकदम घरचं झालं. शेजारच्या टाकीची सावली आपल्या छपरावर पडते, म्हणून सख्खे शेजारी बोलेनासे झाले. गल्लोगल्ली सोलरची दुकानं निघाली. पडदे शिवणारा शिंपीसुद्धा सोलर बसवू लागला. त्याचं म्हणणं, धंदा तोच आहे, आधी ऊन अडवत होतो, आता पकडतो.

या गर्दीत भाऊंनी मेहुण्याच्या फरशीच्या दुकानातली नोकरी सोडून उडी मारली होती. मेहुणा भेटला की गोड आवाजात म्हणायचा, "तुमची खुर्ची रिकामीच ठेवलीय बरं का." ती खुर्ची भाऊंच्या स्वप्नात यायची. समोरच्या वसाहतीतल्या सगळ्या घरांची ऑर्डर मिळाली तर दुकान तगणार होतं, नाहीतर खुर्ची होतीच. वसाहतीचे अध्यक्ष रविवारी जेवून येणार होते, भाऊंच्या घरचं सोलर प्रत्यक्ष चालताना बघायला.

"आणि नेमकं तेव्हाच बंद पडलं तर?" बायको म्हणाली.

"तर मग तुझ्या भावाकडे."

"माझ्या भावाला मध्ये आणू नका."

फिटर आला. त्याने सगळं उघडून तपासलं, बंद केलं आणि हळू आवाजात म्हणाला, "भाऊ, ही दांडी आपोआप पडत नाही. कोणीतरी पाडतंय." आणि पाणीही न पिता निघून गेला.

"मला विचाराल तर अण्णा आहेत," बायको म्हणाली.

अण्णा म्हणजे भाऊंचे वडील. उंच, किडकिडीत माणूस. मागच्या उन्हाळ्यात गेले. रिकाम्या खोलीत दिवा जळू द्यायचा नाही, हे त्यांचं आयुष्यभराचं व्रत. रोज जेवण झालं की चपला घासत त्यांची फेरी निघायची. न्हाणीघर, स्वयंपाकघर, झोपायची खोली आणि शेवटी जिना. बटण खट् वाजायचं, मागोमाग समाधानाचं एक "हं". एकदा आत व्याही आंघोळ करत होते, तेव्हाही त्यांनी दिवा घालवला होता.

"काहीतरीच बोलू नकोस," भाऊ म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून ते जिन्यावर दबा धरून बसले.

घर गप्प होतं. फ्रिज तेवढा घुरघुरत होता. मग आतून चपला घासल्याचा आवाज आला. अण्णांच्याच चपला, भाऊंनी तो आवाज लहानपणापासून ऐकला होता. न्हाणीघरात खट्. स्वयंपाकघरात खट्. झोपायच्या खोलीत खट् झालं आणि तिथून अण्णांच्या चपला घालून आई बाहेर आली.

"आई, तू?"

"मग कोण? ते गेले म्हणून काय दिवे जळत ठेवायचे? त्यांची फेरी आता मी घालते."

भाऊंना इतकं हायसं वाटलं की ते हसतच सुटले. "अगं, ती लाल दांडी खाली नाही करायची. ते यंत्र वीज खात नाही, वीज तयार करतं."

"ते कळतं मला. पण त्या दांडीपर्यंत माझा—"

"राहू दे, झालं ते झालं. रविवारी फक्त माझ्या शेजारी बसून राहा."

कोणी बोलणं पुरं करू दिलं नाही की आई ज्या नजरेने बघायची, त्या नजरेने तिने बघितलं आणि चपला काढून ठेवल्या.

रविवारी अध्यक्ष आले. वीज घरचीच म्हणून बायकोने थाटात सगळ्या खोल्यांतले दिवे-पंखे लावून ठेवले होते. भिंतीवरच्या छोट्या पडद्यावर किती वीज तयार होतेय त्याचा आकडा झळकत होता. आई भाऊंच्या शेजारी, बायको समोर. भाऊंच्या बोलण्याला रंग चढला.

तेवढ्यात आतून चपला घासल्याचा आवाज आला.

न्हाणीघरात खट्. मग, "हं."

"घरात आणखी कोण आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

"कोणी नाही," बायको म्हणाली. खरं तेच बोलली, आणि बोलून झाल्यावर तिचं तिलाच उमगलं.

स्वयंपाकघरात खट्. "हं." झोपायच्या खोलीतला पंखा कुरकुरत थांबला. "हं." भाऊंनी आईच्या पायांकडे पाहिलं. पाय अनवाणी होते. चपला जिन्यापाशी येऊन थांबल्या. बाहेर ऊन भाजत होतं आणि बैठकीच्या खोलीत अंगावर काटा येईल असा गारवा पसरला. समोर, भाऊंनाही टाचा उंचावून गाठावी लागणारी लाल दांडी सावकाश खाली येऊ लागली. भाऊंना खुर्ची दिसू लागली.

आई मान न वळवता म्हणाली, "अहो, ती राहू द्या. पोराचं पोट चालतं त्याच्यावर."

दांडी अर्ध्यात थांबली. मग ती हळूच वर गेली. "हं," जरा नाराजीनेच आलं, आणि चपला आत निघून गेल्या.

अध्यक्ष पुढे सरसावून बसले होते. "म्हणजे रिकाम्या खोलीतलं सगळं आपोआप बंद? आणि तोंडाने सांगितलं तर कळतंही त्याला?"

"कळतं," आई म्हणाली. "वळण लावायला फार वर्षं गेली."

"आमचा मुलगा खोलीतला एसी चालू ठेवून गावभर हिंडतो. सांगून सांगून हात टेकले. भाऊ, सगळ्या घरांना हेच बसवा. याच्याशिवाय असेल तर मात्र आम्हाला नको."

अध्यक्ष हात मिळवून समोरच्या आपल्या घरी गेले. भाऊंचा हात तसाच पुढे राहिला.

"आई, आता काय करायचं? इतक्या घरांना मी हे कुठून आणू?"

"विचारून बघते," आई म्हणाली. "घरात बसून तसे कंटाळलेच होते ते." तिने अण्णांच्या चपला आणल्या, फडक्याने पुसल्या आणि उंबऱ्याबाहेर रस्त्याकडे तोंड करून ठेवल्या.

भाऊ पाणी पिऊन परत आले, तेव्हा चपला तिथे नव्हत्या. आई खुर्चीत बसून डुलक्या घेत होती.

समोरच्या घरातून अध्यक्षांच्या मुलाचा वैतागलेला आवाज आला, "माझ्या खोलीतला एसी कोणी बंद केला?"

भाऊंनी दारातूनच मेहुण्याला फोन लावला आणि ती खुर्ची आता दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाका, असं सांगितलं.