खेळणाऱ्या मुलांना हात लावू नये

माणूस गेल्याशिवाय त्याचा पुतळा होत नाही, आणि पुतळा झाल्याशिवाय तो माणूस मोठा होता याची गावाला खात्री पटत नाही. या तत्त्वावर आपला सगळा देश उभा आहे. (काही ठिकाणी तो बसलेला आहे, काही ठिकाणी घोड्यावर.) तेव्हा आंतरराष्ट्रीय बालवर्षात, म्हणजे एकोणऐंशी साली, पोशीरच्या पलीकडच्या एका गावात पाच जित्याजागत्या पोरांचा पुतळा उभा राहिला आणि गावाचा गोंधळ उडाला, यात गावाचा काही दोष नाही. दोष असलाच तर पदू भोईरचा. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथं अजून जाणं-येणं आहे.

पदू गणपती करणाऱ्या घरातला. त्याचं सगळं लहानपण मूर्तींच्या रांगांत गेलं, आणि तेही हात पाठीमागे बांधून. बाप धाऊ भोईर तसा मायाळू माणूस, पण पोरगं मूर्तीच्या अंगावरून नुसतं गेलं तरी ओरडायचा, "हात लावू नको रं, रंग ओला हाय!" पदूच्या आठवणीत तो रंग कधी वाळलाच नाही. वाळला की गिऱ्हाईक मूर्ती घेऊन जाई. पुढे पदू मुंबईला जाऊन शिल्पकला शिकला, दाढी वाढवली, आणि एकच गोष्ट मनाशी पक्की करून परत आला. पोरांनी हात लावलाच पाहिजे अशी एक तरी मूर्ती आपण घडवायची. एवढं शिकून एवढंच ठरवलंस का रं, असं धाऊने त्याला विचारलं. पदू हो म्हणाला.

त्या सुमारास मुलांसाठी काहीतरी भरीव करावं, असा आदेश वरून आला. गावात चावडीपुढे एक मोकळा माळ होता आणि पोरं सकाळ-संध्याकाळ तिथं धुमाकूळ घालत. पण मोकळा माळ अहवालात दिसत नाही. फोटोतही नुसती जमीन येते. म्हणून त्या माळावर पदूचं शिल्प बसवायचं ठरलं, आणि पदूला आभाळ ठेंगणं झालं.

त्याने आगगाडी केली. सिमेंटची पाच पोरं, एकामागे एक, पुढच्याचा सदरा मागच्याने धरलेला. सगळ्यांत पुढचा गाल फुगवून शिट्टी घालतोय. सगळ्यांत मागे पदूची भाची मैना, तिसरीतली, समोरचे दोन दात पडलेली. तिच्या फ्रॉकचं टोक मागून कुणीतरी धरल्यासारखं ताणलेलं होतं, आणि धरणारं मात्र कुणीच नव्हतं. ती जागा पदूने खऱ्या पोरांसाठी सोडली होती. पोरांनी ते टोक धरावं, मागे शेपटासारखी रांग लावावी, ओढावं, लोंबकळावं, आणि हात लागून लागून ते गुळगुळीत झालं की माझं काम पुरं झालं, असं तो सांगत असे. हे ऐकून भातगिरणीवाले हिरूशेठ म्हणाले, गुळगुळीत आत्ताच करून द्या की, पोरांवर कशाला टाकता.

पुतळा म्हटला की समिती आलीच. हिरूशेठ अध्यक्ष झाले. समितीपुढे पहिलाच विषय असा की पुण्यतिथी कोणत्या दिवशी धरायची. पदूने सांगितलं, पोरं जिवंत आहेत. सभागृहात (म्हणजे गिरणीच्या पडवीत) सगळ्यांनी विषयपत्रिका पुन्हा वाचून पाहिली. एवढी मोठी अडचण गावाला आजवर आली नव्हती.

दरम्यान मैनाचा पुतळा बसवल्याची बातमी खालापूर तालुक्यात पोचली होती. मोहोपाड्याची मावशी पदराचा बोळा तोंडात कोंबून दारात आली, तर मैनानेच दार उघडलं, चिंच चोखत. मावशीला आनंद झाला असं म्हणतात, पण ती दोन घास न खाता रागाने परत गेली. मैनाची आई गोदूबाई तशीच उठून भावाकडे गेली. "दादा," ती म्हणाली, "माजी पोर घरात नाचतेय, अन् लोक मला इचारतात, कशानं गेली? काय सांगू रं मी?" पदूने दाढी खाजवली. शिल्पकलेच्या शिक्षणात हा भाग घेतलेला नव्हता.

तोडगा शेवटी हिरूशेठांनी काढला. मुलं हयात आहेत हे समिती नाकारीत नाही, परंतु त्यांचं बालपण आज ना उद्या जाणारच, सबब ते आगाऊ दिवंगत समजण्यात यावं, असा ठराव त्यांनी मांडला. पुण्यतिथी म्हणून वार्षिक निकालाचा दिवस मुक्रर झाला. त्या दिवशी घराघरांतून रडण्याचा आवाज येतच असतो, वेगळं वातावरण करावं लागत नाही. ठराव एकमताने मंजूर झाला. (विरोध होता, पण विरोधक सगळे दहा वर्षांच्या आतले.)

मग पावित्र्याचा प्रश्न आला. अख्ख्या माळाला लोखंडी कठडा बसला आणि कठड्यावर पाटी लागली: चपला बाहेर काढाव्यात. आरडाओरडा करू नये. आत खेळू नये. खेळणाऱ्या मुलांना हात लावू नये. लहान मुलांना सोबत आणू नये. कठड्याचे परिणाम उत्तम झाले. अहवालात नोंद आहे की माळावर गुडघे फुटण्याचं प्रमाण शंभर टक्क्यांनी खाली आलं, शिवीगाळ पूर्ण थांबली, आणि गवत वाढलं.

पोरं बिचारी गल्लीत खेळायला गेली, तिथून हाकलली तर उकिरड्यापाशी गेली. मैनाला तर तेही जमेना. कुठं लगोरी मांडली की जाणारा-येणारा थांबून म्हणे, "अगं, तुजा पुतळा हाय गावात. शोभतं का तुला?" गावातल्या दुसऱ्या कुणा पुतळेवाल्याला असं खेळताना कुणी पाहिलं नव्हतं, हेही खरंच. मैना दुसऱ्यांचा खेळ बघत ओट्यावर बसू लागली, स्वच्छ फ्रॉक घालून.

पदू रोज संध्याकाळी कठड्याबाहेर उभा राही. फ्रॉकचं ते टोक केलं तेव्हा होतं तसंच खरखरीत होतं. त्याला फार वाईट वाटे. निदान एकदा, एकाच पोराने ते धरलेलं बघायचं, मग कठड्याचं काय व्हायचं ते होवो, एवढंच त्याचं मागणं उरलं होतं.

पुण्यतिथीचा दिवस आला. प्रथेप्रमाणे सकाळीच पुतळ्याला चंदेरी रंग मारला. पाचही पोरांना तेल लावून, भांग पाडून पुढच्या रांगेत खुर्च्यांवर बसवलं, हाताची घडी, तोंडावर बोट. धाऊसाठी वेगळी खुर्ची होती. हिरूशेठ 'खेळाचे महत्त्व' या विषयावर बोलू लागले, आणि पोरांनी खेळलं पाहिजे, मुक्तपणे खेळलं पाहिजे, हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं की मैनाला ते पटलं.

ती खुर्चीवरून घसरली, कठड्याखालून आत गेली, आणि स्वतःच्याच सिमेंटच्या फ्रॉकचं टोक तिने दोन्ही हातांनी धरलं. मागोमाग उरलेली चार पोरं आली. एकाने दुसऱ्याचा सदरा पकडला, शेवटच्याने शिट्टी घातली. गाडी सुटायच्या बेतात होती.

पदूने ते पाहिलं.  ओढ गं मैना, जोरात ओढ, असं त्याला ओरडायचं होतं. त्याने तोंड उघडलं.

"हात लावू नको गं!" तो ओरडला. "रंग ओला हाय!"

मैनाने हात सोडले. तिचे दोन्ही तळवे चंदेरी झाले होते. मामाकडे बघत तिने ते पाठीमागे बांधले आणि जागेवर येऊन बसली.

सभेने टाळ्या वाजवल्या. खुद्द कलाकारच पावित्र्य जपतो, हे इतर गावांनी शिकावं, असं हिरूशेठ म्हणाले. धाऊच्या डोळ्यांत पाणी आलं. पोरगं आपल्या वळणावर गेलं, याची त्याला त्या दिवशी पहिल्यांदा खात्री पटली. पदू मान खाली घालून बसला होता. फ्रॉकच्या टोकावर उमटलेली बोटं दुसऱ्या दिवशी समितीने रंगाचा एक हात देऊन बुजवली.

हे वाचून तुम्ही गावाला हसला असाल. हसा, आपलं काही म्हणणं नाही. फक्त उठाल तेव्हा बाहेरच्या खोलीतल्या काचेच्या कपाटापाशी जरा थांबा. वरच्या फळीवर चावीची मोटार आहे, अजून खोक्यात. शेजारी डोळे मिटणारी बाहुली आहे, अंगावरची प्लास्टिकची पिशवी तशीच. पाहुणे आले की तुम्ही कौतुकाने दाखवता, आमच्या पोरांची खेळणी. काच स्वच्छ पुसलेली आहे. खालच्या बाजूला, लहान मुलाचं नाक पोचतं तेवढ्या उंचीवर, एक वाफेचा डाग दिसेल. तेवढा पुसून घ्या. आणि कपाटाची किल्ली नीट ठेवली आहे ना, बघा.