उपकेंद्राच्या छतावरचा लोकसहभाग

गावाचा पाठिंबा कसा मिळवायचा, हे कुणाला शिकायचं असेल तर त्यानं माझ्याकडं यावं. फी घेणार नाही. माझी शाळा सातवीत सुटली, पण मंठ्याच्या अलीकडच्या आमच्या गावात बचत गटाची अध्यक्ष मीच, आणि आरोग्य उपकेंद्राच्या छतावर सोलर बसवायला एकशे त्रेचाळीस बायांच्या सह्या-अंगठे एका दुपारीत गोळा करणारीही मीच.

सोलर पाहिजे होतं ज्योत्स्ना सिस्टरला. उपकेंद्रात बाळंतपणं होतात आणि लाइट नेमकी तेव्हाच जाते. लाइटीचं आणि बाळांचं आतून काही ठरलेलं असावं. मागं आमच्या गटातल्या बेबीनंदाचा नातू भरदुपारी, पण आभाळानं काळोख केलेला असताना, मोबाइलच्या उजेडात जन्मला. मोबाइल मी धरला होता. माझं लक्ष बाळाकडं आणि उजेड भिंतीवर. सिस्टर म्हणाली, "दैवशालाताई, उजेड बाळावर धरा. भिंतीला काही होऊन नाही राह्यलं."

सरकारची अट एकच होती, गावाचा पाठिंबा दिसला पाहिजे. म्हणून बायांची ग्रामसभा घेतली. बेबीनंदानं बसल्या बसल्या विचारलं, "मंग आमचं वाळवण कुठं टाकायचं?"

विचारणं रास्त होतं. कुत्रं, कोंबडी, शेळी यांपैकी कुणी पोचत नाही असं सपाट छत गावात ते एकच. सरकारी कागदात ते आरोग्य उपकेंद्र आहे. आमच्या लेखी कुरडया वाळवायची जागा, खाली एक दवाखाना असलेली.

"छत तुमचंच राहील," मी शब्द दिला. "तुमच्या वाळवणाला कुणी हात लावणार न्हाई." ठरावातही तसं लिहून घेतलं. धडाधड अंगठे पडले. छत केवढं आणि पॅनल केवढे, ते मात्र मी मोजलं नाही. पुढारी माणसानं मोजत बसायचं नसतं.

पॅनल बारा आले. छतावर जागा उरली ती एका कोंबडीला अंग चोरून बसण्यापुरती. बॅटरी आली नाही. आधी पॅनल बसवायचे, मग जालन्याहून साहेब येऊन वीज किती होते ते बघणार, आणि त्यांचं समाधान झालं तर बॅटरी, असा सरकारी क्रम. तोवर लाइट गेली की सोलरही गप्प. म्हणजे उजेड होता तेव्हा आणखी उजेड, आणि अंधार होता तेव्हा मोबाइल.

पॅनल बसवणारा सांगून गेला, "धूळ बसू देऊ नका." मी बारा बायांना बारा पॅनल वाटून दिले. जिचं तिनं रोज पुसायचं. ही युक्ती मला स्वतःलाच एवढी आवडली, की मंठ्याच्या बाजारात भाजी घेताना भाजीवालीलाही सांगितली. बाया खरोखर पुसायच्या. घरातला देव्हारा पुसत नसतील इतकं पुसायच्या. "माझं पॅनल तुझ्यापेक्षा चकचकीत" एवढ्यावरून दोघींचं बोलणंसुद्धा बंद झालं. मी खूश. लोकसहभाग, लोकसहभाग म्हणतात तो हाच.

एप्रिलात साहेब आले, ऐन बाराला. भिंतीवरच्या वीज मोजायच्या मशीनकडं बघून म्हणाले, "ताई, ऊन एवढं, आणि वीज जवळजवळ शून्य?"

"मशीन जुनं झालं असंल," मी म्हणाले. मशीन दोन महिन्यांचं होतं.

"वर जाऊन बघू."

"चला की. असे पॅनल तुम्हाला अख्ख्या जिल्ह्यात दिसायचे न्हाईत."

नसतेच दिसले. बाराही पॅनलवर जुन्या साड्या ताणून बांधल्या होत्या, आणि साड्यांवर कुरडया, साबुदाण्याच्या चकल्या, किराणावाल्या मंजूभाभीच्या मुगाच्या मंगोड्या, म्हणजे आपले सांडगेच. भाभीचं अर्धं पॅनल सोडलं तर एक कोपरा मोकळा नव्हता.

"पॅनल कुठायत?" साहेबांनी विचारलं.

"खाली हायेत की," बेबीनंदा म्हणाली. "पुसून मंगच साडी टाकली. डाग नको पडायला."

"अहो, पण यावर ऊन पडायला पाहिजे."

"बराबर पडून राह्यलंय. ही बघा, सकाळची कुरडई हाय, वरून कडक झालीसुद्धा."

मी डोळे वटारले. "काढा जल्दी."

"ठरावात काय लिहिलंय? वाळवणाला कुणी हात लावणार न्हाई. तुम्हीच वाचल्तं," बेबीनंदा म्हणाली.

"माझं तर बिलकुल अर्धंच झाकलंय," मंजूभाभी साहेबांना म्हणाली. "मोकळ्या अर्ध्याची वीज तर मोजा."

साहेबांनी घड्याळ बघितलं. "एक वाजता परत मोजतो. तेव्हाही हेच असेल तर बॅटरी दुसऱ्या गावाला जाईल."

जिन्यात ज्योत्स्ना सिस्टर उभी होती. बेबीनंदाला म्हणाली, "नातू काय म्हणतो? रांगायला लागला का?"

बेबीनंदानं तिच्याकडं क्षणभर बघितलं आणि वाकून साडीची गाठ सोडायला लागली.

"ओली हाय अजून. घडी केली तर चुरा व्हईल. चौघी धरा."

अशा बारा साड्या, एकेकीला चार-चार बाया, अरुंद जिन्यावरून आडव्या खाली आल्या. पेशंटलासुद्धा आम्ही एवढं जपून उतरवत नाही. अंगणात शेळ्या वाटच बघत होत्या. मी हुकूम सोडला, "आत घ्या. जागा दिसंल तिथं ठेवा."

एक वाजता मशीनवरचे आकडे असे चढले की साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा बघितले. "उत्तम," ते म्हणाले. मी नम्रपणे मान लववली, जसं काही ऊन मीच पाडत होते. सिस्टरनं पदरानं डोळे टिपले.

"आता एकच राहिलं," साहेब कागद उलटत म्हणाले. "बाळंतपणाची खोली दाखवा. काही गावांत तिला कुलूपच असतं. वापरात आहे की नाही, ते लिहावं लागतं."

मी बेबीनंदाकडं बघितलं. बेबीनंदानं मंजूभाभीकडं. मंजूभाभीनं भिंतीकडं.

साहेबांनी दार ढकललं. बाळंतपणाच्या टेबलावर कुरडया. दोन्ही खाटांवर चकल्या. सलाईनच्या स्टँडला साडी. बाळाचं वजन करायच्या काट्यात मंगोड्या, सव्वातीन किलो.

साहेबांनी वाकून काट्यावरचा आकडा वाचला. मग पेन काढून 'खोलीचा वापर' या रकान्यात लिहिलं, 'पूर्ण'. खाली लिहिलं, 'बॅटरी द्यावी'.

"ताई," पेनाला टोपण लावत ते मला म्हणाले, "मी खोटं तर नाही ना लिहिलं?"

"न्हाई साहेब," मी म्हणाले. "पाय ठेवायला जागा न्हाई."