मार्सलिनचे पाहुणे

"या बेटावर जेवायचं तर माझ्या ओदिलमावशीकडेच!" मार्सलिन सकाळपासून सांगत होता. ला दीग बेटावर पाहुण्यांना फिरवणं हा त्याचा धंदा. हेनिंग आणि बिर्टे या डॅनिश जोडप्याला त्याने किनारे दाखवले, कासवं दाखवली, सायकली दामटत उन्हातून मावशीच्या दारात आणलं. दाराला कुलूप! मावशी दाढ काढायला बोटीने माहे बेटावर गेली होती.

"हे सोडा, याहून फक्कड जागा आहे," मार्सलिन ठणकावून म्हणाला आणि भाजलेल्या माशाच्या वासामागे निघाला.

वास फिलोमेनच्या अंगणातून येत होता. फणसाखाली लांबलचक टेबलं, त्यांवर पांढरी कापडं, फुलं. फिलोमेनने खाणावळ काढली आणि आपल्याला पत्ता नाही? पण असं कबूल करेल तो मार्सलिन कसला!

मोठी हॅट घातलेली फिलोमेन लगबगीने पुढे आली. "हे जावयाच्या हॉटेलचे साहेब ना रे?"

"तेच, तेच!" प्रश्न पुरता न ऐकताच मार्सलिनने मान डोलावली.

साहेबांना मधल्या खुर्च्या मिळाल्या. नारळाच्या रसातला ऑक्टोपस आला, शार्कची चटणी आली. शेजारी पांढऱ्या झग्यातली मुलगी येऊन बसली, तेव्हा कुठे मार्सलिनच्या डोक्यात उजेड पडला. समोर फादर अंतोनी त्याच्याकडे पाहत शांतपणे माशाचे काटे काढत होते. एवढ्यात हेनिंगने हात वर केला. "ताई, बिल आणा."

"बिल?" फिलोमेन कडाडली. "माझ्या लेकीच्या लग्नात जेवणाचे पैसे? आम्हाला भिकारी समजलात?"

आणि त्याच क्षणी बोटीने आलेले खरे साहेब फाटकातून आत शिरले.

"मार्सलिन, मेल्या! मग हे कोण?"

"पाहुणे," मार्सलिन म्हणाला.

फिलोमेनने हातातला डाव उगारला. पण खऱ्या साहेबांचा चेहरा समुद्राने हिरवा करून टाकला होता. ऑक्टोपस पाहताच त्यांनी तोंडावर रुमाल धरला. "नुसतं लिंबूपाणी द्या हो," बाईसाहेब कण्हल्या. बोटीने आलेल्या सगळ्या वऱ्हाडालाच बोट लागली होती.

भरल्या पातेल्यांकडे पाहून फिलोमेनचे डोळे भरून आले. एवढं रांधलं, ते कुणासाठी? तेवढ्यात हेनिंगने रिकामी ताटली पुढे केली. "ताई, अजून थोडं मिळेल? असं मी जन्मात खाल्लं नाही."

डाव खाली आला, तो थेट पातेल्यात. हेनिंगने तिसऱ्यांदा वाढून घेतलं, बिर्टे नवरीच्या आजोबांबरोबर नाचली, आणि मार्सलिनने चुपचाप भांडी घासली.

परतताना बिर्टे म्हणाली, "उद्या माझ्या बहिणी येताहेत. आम्ही सहाजण. अगदी अशीच जागा हं!"

"उद्या ना? झालंच समजा!"

त्यांना खोलीवर पोचवून मार्सलिन तडक चर्चमध्ये गेला. "फादर, उद्या कुणाचं लग्न आहे का हो? निदान एखादा बाप्तिस्मा?"

"काही नाही," फादर अंतोनी म्हणाले. "पण पापांची कबुली ऐकायला मी मोकळा आहे. बस."