मीनाताईंची बर्गंडी

"फ्रान्समधल्या कुठल्याही द्राक्षमळ्यात मला डोळे बांधून सोडा, संध्याकाळच्या चहाला बरोबर घरी येऊन दाखवीन!"

इंदिरानगरच्या मीनाताई गायखे हे छातीठोकपणे सांगत. आता मीनाताई स्वतः नाशिकच्या बाहेर फार तर शिर्डीपर्यंत गेलेल्या, आणि तिथेही एकदा चपला ठेवलेली जागा विसरून अनवाणी परतलेल्या. पण नकाशाची गोष्टच वेगळी!

सुरुवात झाली अकबरभाईंच्या रद्दीच्या दुकानात. सात वर्षांपूर्वी मीनाताई वर्तमानपत्रं घालायला गेल्या आणि येताना पाटाएवढं जाड पुस्तक घेऊन आल्या. जगभरातल्या वाइनच्या प्रदेशांचे नकाशे!

"ताई, इंग्रजीत आहे," अकबरभाई म्हणाले होते.

"नकाशाला कसली आलीय भाषा? नदी ती नदी, डोंगर तो डोंगर!"

पण खालची बारीक अक्षरं खुणावायला लागली. मग शब्दकोश आला, चष्म्याचा नंबर वाढला, आणि अकबरभाई वाइनचं कुठलंही गाइड हाती लागलं की "हे ताईंचं" म्हणून वजनकाट्यापासून लांब ठेवू लागले. हॉलमधल्या भिंती नवऱ्याच्या, म्हणजे शेखररावांच्या ताब्यात, म्हणून सुटे नकाशे स्वयंपाकघरात लागले. पोळ्या लाटताना पोर्तुगाल, वरणाला फोडणी देताना फ्रान्सची बर्गंडी, भांडी विसळताना अर्जेंटिना. कुठल्या उतारावर सकाळचं ऊन येतं आणि कुठली नदी धुकं सोडते, हे मीनाताईंना आपल्या कॉलनीत पाणी किती वाजता येतं त्याहून पक्कं ठाऊक!

यात खोट एकच. वाइनचा थेंबसुद्धा त्यांच्या जिभेला लागलेला नव्हता. माहेर माळकरी, आणि सासरी बाटलीतून यायचं ते फक्त खोकल्याचं औषध!

आणि अशा बाईला वायनरीचं बोलावणं आलं. गंगापूर धरणाकडच्या एका द्राक्षमळ्यावर पाहुण्यांना हिंडवायला गाइड हवी होती. लेक वेदिकाने पुण्याहून परस्पर अर्ज ठोकून दिला. तिथले मॅनेजर सोमनाथ सर फोनवर बोलले, तेव्हा मीनाताईंनी त्यांना जर्मनीच्या उभ्या चढावरून असं काही दमवलं, की 'तुम्ही वाइन पिता का' हे विचारायचंच त्यांच्याकडून राहून गेलं.

"रविवारी एक टूर करून दाखवा," ते धापा टाकत म्हणाले. "जमली तर सोमवारपासून नोकरी."

शेखरराव अंबडच्या कारखान्यात सुपरवायझर. जे यंत्र नाही त्यावर त्यांचा विश्वास नव्हता. "मीना, तू? गाइड? टूर फसली तर हे सगळे नकाशे अकबरभाईंच्या काट्यावर! त्या भिंतीला मला फ्रीज लावायचाय."

"आणि जमली तर?"

"तर महिनाभर भांडी मी घासेन!"

"अहो, साबण आताच आणून ठेवा!" मीनाताई ठसक्यात म्हणाल्या. रात्री मात्र दोनदा उठून त्यांनी बर्गंडीचे उतार पुन्हा पाठ केले. बावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा कुणीतरी त्यांना त्यांच्या ज्ञानासाठी बोलावलं होतं. सात वर्षं गॅससमोर उभं राहून केलेला अभ्यास एका सकाळीत तरायचा होता, नाहीतर रद्दीत जायचा होता.

रविवारी जांभळी पैठणी नेसून त्या हजर. समोर चौदा पाहुणे. त्यांत एक टकलू फ्रेंच साहेब, हातात वही. सोमनाथ सर कानाशी कुजबुजले, "ताई, जपून. हे परीक्षक असतात मोठमोठ्या स्पर्धांचे. बर्गंडीचेच आहेत."

बर्गंडी! मीनाताईंना माहेरचा माणूस भेटल्यासारखं झालं. त्यांनी साहेबांना गावाचं नाव विचारलं आणि सुटल्याच. "म्हणजे उतार पूर्वेकडे तोंड करून! सकाळचं ऊन थेट वेलींवर! आणि गावाच्या खालच्या अंगाला तो पिवळ्या मातीचा पट्टा आहे ना, तिथल्या द्राक्षांची चव वेगळीच असणार!"

सोमनाथ सरांनी ते इंग्रजीत सांगितलं. साहेब दचकले. पिवळा पट्टा? त्यांनी टकलावरून हात फिरवला, विचार केला आणि वहीत लिहून घेतलं. सोमनाथ सरांचा चेहरा पुरणपोळीसारखा फुलला.

तासभर टूर अशी रंगली, की लोक द्राक्षं बघायचं सोडून मीनाताईंकडे बघत होते. मग सगळे चव घ्यायच्या खोलीत आले. मीनाताईंचा बेत साधा होता: ग्लास फिरवायचा, हुंगायचा, 'वा!' म्हणायचं आणि हळूच ठेवून द्यायचा.

पण सोमनाथ सर बाटली घेऊन थेट त्यांच्यापुढेच आले. "आधी गाइड! थोडीशीच, चवीपुरती."

चौदा माणसं माना किंचित झुकवून उभी. समोर एक जण हातात भांडं घेऊन थेंबभर काहीतरी द्यायच्या पवित्र्यात. मीनाताईंच्या डोक्याने विचार करणं बंद केलं, आणि पन्नास वर्षांची सवय पुढे सरसावली. उजवा हात आपोआप पुढे गेला, तळव्याची वाटी झाली, खाली डावा हात लागला.

सोमनाथ सरही बिचारे नाशिकचेच. असा हात पुढे आला की चमचाभर ओतायचं, हे त्यांच्याही रक्तात! ओतली!

मीनाताईंनी डोळे मिटून ती घेतली, आणि ओला हात डोक्यावरून फिरवला.

मग भान आलं. पांडुरंगा! हे काय केलं मी! आता ना नोकरी, ना नकाशे!

फ्रेंच साहेब पुढे सरकले. "चव?" त्यांनी विचारलं.

आता लपवायला उरलंच काय होतं? मीनाताईंनी खरं ते सांगून टाकलं. "अर्धवट पिकलेली जांभळं. मिऱ्याची चिमूट. आणि मागून कोऱ्या माठाचा वास."

सोमनाथ सरांनी चाचरत भाषांतर केलं. साहेबांनी ग्लास बाजूला ठेवला, तळवा पुढे केला, घोट घेतला आणि ओरडलेच, "बरोब्बर! तळहाताच्या उबेने वास खुलतो! काय युक्ती आहे!" मग अगदी श्रद्धेने त्यांनी तो हात टकलावरून फिरवला. टक्कल समईसारखं चमकलं!

झालं! उरलेले तेराच्या तेरा जण तळवे पुढे करून रांगेत!

"ताई, डोक्याला का लावायचं?"

"लावायचं असतं!" मीनाताईंना दुसरं काही सुचेना.

"डावा हात चालेल?"

"अजिबात नाही! आणि सांडू नका, पायाखाली येतं!"

एक गृहस्थ मागून फिरून तिसऱ्यांदा रांगेत शिरले. मीनाताईंनी त्यांना कान धरल्यासारखं बाहेर काढलं. "एकदाच मिळतं! मागे अजून माणसं आहेत!"

निघताना प्रत्येकाने दोन-दोन बाटल्या घेतल्या. साहेब वही खिशात घालून थेट विमानतळाकडे निघाले. सोमनाथ सर हात जोडून म्हणाले, "उद्यापासून या, ताई. फक्त ती हाताची पद्धत रोज हवी!"

"हात रोज माझा, पण त्यात द्राक्षाचा साधा रस!" मीनाताई म्हणाल्या. "वाइन एकदा घेतली, पुरे झाली!"

घरी आल्या तर दारात अकबरभाई, पोतं घेऊन! शेखररावांनी आधीच फोन करून ठेवला होता.

"घ्या, भरा फ्रान्स," शेखरराव हसत म्हणाले.

"उद्यापासून नोकरी आहे माझी," मीनाताई म्हणाल्या. "भांडी सिंकमध्ये आहेत. कढई आधी घ्या, करपलीय!"

अकबरभाईंनी पोत्यात हात घातला आणि एक गाइड काढलं. "मला माहीत होतं. रिकामं पोतं आणलंच नव्हतं मी. हे न्यूझीलंड, ताई. माझ्याकडून!"

मीनाताईंचे डोळे भरून आले. त्या भरात त्यांनी ओलं फडकं घेतलं आणि लाडक्या बर्गंडीवरून मायेने फिरवलं.

पिवळ्या मातीचा पट्टा फडक्यावर आला. सगळा! हिंगाच्या वासासकट!

"काय झालं गं?" शेखरराव कढई घासता घासता म्हणाले.

"काही नाही." मीनाताईंनी फडकं पाठीमागे लपवलं. "बर्गंडीवर वरण उडालं होतं."

साहेबांचं विमान मात्र वहीसकट केव्हाच उडालेलं होतं.