इश्वरभाऊ असंच निघाले

पुष्पाबाईंनी भजी तळायला कढई शोधली, तेव्हा ती मागच्या अंगणात सापडली आणि तिच्यात सायकलची चेन डिझेलमध्ये भिजत पडली होती.

"अवो, हे काय करून राहिले तुमी?"

"चेन धुवून राहिलो."

"कढईत?"

"बादलीत बेरिंगचे छर्रे हायेत ना," इश्वरभाऊंनी शांतपणे समजावलं.

पुष्पाबाईंनी भज्यांसाठी दुसरं भांडं काढलं, कारण चूक त्यांचीच होती. इश्वर सेलोकरांना वरठीच्या कारखान्यातून निवृत्त होऊन दीड वर्ष झालं होतं. पहिले सहा महिने त्यांनी झोप काढली. पुढचे सहा महिने त्यांनी पुष्पाबाईंना स्वयंपाक शिकवला. तेव्हा पुष्पाबाईंनीच पुण्याच्या भुपेंद्रला फोन केला, की बापाला काहीतरी काम दे नाहीतर मी पुण्याला येऊन राहते. लेक घाबरला आणि त्यानं पार्सलनं एका जुन्या रेसिंग सायकलची फ्रेम पाठवली. नुसती फ्रेम. बाकीचं तुम्ही जमवा, असं त्यानं कळवलं.

मग काय विचारता! शेजारचा कवडू कारखान्यातला जुना फिटर. दोघं मिळून कामाला लागले. चाकांच्या रिमा नागपूरहून आल्या, खाली वाकलेलं हँडल भंडाऱ्याच्या एका दुकानात माळ्यावर धूळ खात होतं ते आलं, गिअर भुपेंद्रनं पाठवले. कवडूनं तीन दिवस एक डोळा मिटून चाकांचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढला. दोन महिन्यांनी सायकल उभी राहिली, म्हणजे भिंतीला टेकून उभी राहिली, कारण तिला स्टँड नव्हता. मडगाड नाही, कॅरिअर नाही.

"घंटी तरी लाव गा," कवडू म्हणाला.

"वजन वाढते."

"तुहं पोट पाह्य आंधी!"

इश्वरभाऊंनी पोट आत ओढलं. ते सायकलीकडे बघत होते आणि त्यांना त्यांची जुनी सायकल आठवत होती. पस्तीस-चाळीस वर्षांमागे तिचेही मडगाड, कॅरिअर, स्टँड त्यांनी असेच काढून टाकले होते. तेव्हा वरठी ते अड्याळ या सगळ्या वाटेवर इश्वरइतकी वेगानं सायकल मारणारा दुसरा कोणी नव्हता. आणि म्हणूनच एक नको ते काम त्यांच्या गळ्यात पडलं होतं.

तेव्हा गावागावांत फोन कुठले? कोणी गेलं की मातीचा निरोप सायकलनंच जायचा. सेलोकरांची सगळी सोयरीक अड्याळकडची, त्यामुळे घरात कोणी डोळे मिटले की म्हातारी माणसं आधी रडायची आणि मग म्हणायची, "इश्वरले धाडा." निरोप्याचे नियम ठरलेले होते. हातात थैली घ्यायची नाही. वाटेत पाणी प्यायचं नाही. आणि ज्याच्या घरचा निरोप आहे त्याच्या उंबरठ्यावर पोचेपर्यंत कोणाला काही सांगायचं नाही. कोणी विचारलंच तर "कोणी नाही, असंच चाललो" म्हणून पुढे निघायचं. इश्वरची बिनमडगाडाची सायकल दिसली की लोक हातातलं काम टाकून ती कोणाच्या दारात थांबते ते बघत राहायचे.

अड्याळला त्यांची मोठी बहीण बायाबाई दिलेली. एकतीस वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हा दुसरं कोण जाणार? इश्वरच गेला. बायाबाई अंगणात धान पाखडत होती. भावाची सायकल बघताच सूप तिच्या हातातून गळालं आणि तो काही बोलायच्या आधीच ती खाली बसली. तेरवीच्या दिवशी तिनं त्याला बाजूला घेतलं. "इश्वर, आता म्हाया घरी सायकलनं येऊ नको. यष्टीनं ये, पायी ये. तुही सायकल दिसली का म्हाया जीव जाते."

इश्वर तेव्हापासून एसटीनंच गेला. पण सख्ख्या बहिणीच्या दारात आपण सायकलनं कधी एकदाही नुसतं, सहज, चहा प्यायला गेलो नाही, हे त्यांना निवृत्तीनंतरच्या रिकाम्या दुपारी फार टोचायचं. नवी सायकल बांधताना मनात हे एवढंच होतं. एकदा तिच्या अंगणात सायकलनं जायचं आणि सांगायचं, की कोणी गेलं नाही बाई, मी तुला भेटायला आलो. आधी फोन केला असता तर ती नको म्हणाली असती, म्हणून त्यांनी कळवलं नाही.

पौषातल्या एका रविवारी, उजाडता उजाडता इश्वरभाऊ निघाले. भुपेंद्रनं फोनमध्ये किलोमीटर मोजणारं अ‍ॅप टाकून दिलं होतं. इश्वरभाऊंचा स्वतःचा फोन मागच्या महिन्यात नळाखाली गेला होता, म्हणून पुष्पाबाईंचा फोन त्यांनी पाठीवरच्या खिशात घातला.

"थैली नेऊन नाही राहिले? बाईसाठी काही तिळाचे लाडू?" पुष्पाबाईंनी विचारलं.

"लटकवू कोठं?"

भंडारा मागे पडला आणि रस्ता मोकळा झाला. थंडी होती. शेतांतले धान निघून गेले होते आणि बांध्यांमध्ये लाखोरीची निळी फुलं फुलली होती. इश्वरभाऊंनी गिअर टाकला, मान खाली घातली आणि साठीच्या पायांनी विशीतला वेग धरला. फार वर्षांनी त्यांना इतकं बरं वाटत होतं.

तलावाच्या पाळीवर तुलाराम ढिवर जाळं उकलत बसला होता. त्यानं मान वर केली. बिनमडगाडाची सायकल, थैली नाही, मान खाली, आणि वर इश्वर! तुलारामच्या हातून जाळं सुटलं.

"इश्वरभाऊ! कोण गेलं गा?"

"कोणी नाही! असंच चाललो!" इश्वरभाऊ आनंदानं ओरडले आणि निघून गेले.

तुलारामची खात्रीच पटली. त्यानं लगेच पुढच्या पहेला गावातल्या आपल्या बहिणीला, निर्मलाबाईला फोन लावला. निर्मलाबाईंचं रस्त्यालाच चहाचं दुकान होतं. त्या बाहेर येऊन उभ्याच राहिल्या.

"भाऊ, चहा घेऊन जा!"

"नाही वो, आता चहा अड्याळलेच!"

"पाणी तरी?"

"नाही, नाही!"

निर्मलाबाईंनी कपाळाला हात लावला. पाणीसुद्धा घेत नाही म्हणजे दुसरं काय असणार? शिवाय अड्याळला जातो, हे त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. त्यांनी अड्याळला बायाबाईच्या मुलाला, मनिषला फोन केला.

इकडे पहेला ओलांडल्यावर इश्वरभाऊंना उजवीकडे नहराचा रस्ता दिसला. सरळ, रिकामा, कालव्याच्या पाण्याच्या कडेनं जाणारा. पूर्वी इथं नुसती पांदण होती आणि घाई इतकी असायची, की आजूबाजूला काय आहे ते त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. आज घाई नव्हती. ते वळले. चांगली दहा किलोमीटरची रपेट झाली. एका पुलावर बसून त्यांनी बगळे मोजले. आईच्या निरोपाच्या दिवशी आपण या वाटेनं पूर्ण वेळ रडत गेलो होतो आणि अड्याळच्या अलीकडे बोडीवर, लहानशा तळ्यावर, थांबून तोंड धुतलं होतं, हे त्यांना आठवलं. पाठीत काहीतरी गुरगुरत होतं. किलोमीटर मोजण्याचा आवाज असेल असं समजून त्यांनी लक्ष दिलं नाही.

ते गुरगुरणं म्हणजे मनिषचा फोन होता.

"मामाचा फोन बंद हाये अन् मामी उचलून नाही राहिली," मनिष म्हणाला.

"उचलाले ती असन तं ना!" बायाबाईनं हंबरडा फोडला. "पुष्पी गेली रे! म्हायी पुष्पी गेली! म्हणूनच तो स्वतः निघाला. घरचंच माणूस गेलं, दुसऱ्या कोणाले धाडन तो?"

हिशोब बिनचूक होता. सात माणसं गोळा झाली, शेजारची जीप निघाली. इश्वर रस्त्यातच भेटेल, त्याला गाडीत घेऊ, असं ठरलं. पण इश्वर नहरावर बगळे मोजत होता आणि जीप डांबरी रस्त्यानं सुसाट वरठीला गेली.

वरठीला पुष्पाबाई अंगण झाडून नुकत्या टेकल्या होत्या. दारात जीप थांबली. आतून नणंद तोंडाला पदर लावून रडत उतरली, मागून भाचा डोळे पुसत उतरला, त्यामागे आणखी पाच जण. सासरची सगळी माणसं रडताहेत, आणि सायकलवर गेलेला नवरा तेवढा नाही.

पुष्पाबाईंच्या हातातला खराटा पडला. "घंटी लावा म्हनलं होतं हो!" असं म्हणून त्यांनी टाहो फोडला. खरं तर घंटी कवडूनं लाव म्हटलं होतं, पण अशा वेळी कोण बघतं?

बायाबाईंना पदराआडून काही दिसत नव्हतं. समोर रडणारी बाई हाताला लागली तशी त्यांनी तिला मिठी मारली. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडू लागल्या. "किती गुणाची होती वो!" ही म्हणे. "म्हायं ऐकलंच नाही!" ती म्हणे. मिठीतली बाई ओळखीची वाटते, हे बायाबाईंच्या लक्षात यायला बराच वेळ लागला.

तेवढ्यात रडण्याचा आवाज ऐकून कवडू धावत आला. "पण गेलं कोण?"

"पुष्पी!" बायाबाई म्हणाल्या.

"भुपेंद्रचे बाबा!" पुष्पाबाई म्हणाल्या.

"पुष्पी तं हे उभी हाये," कवडू म्हणाला.

बायाबाईंनी पदर काढला, पुष्पाबाईंचा चेहरा दोन्ही हातांत धरून नीट बघितला आणि पहिल्यापेक्षा मोठ्यानं रडायला सुरुवात केली. आता हे रडणं कशाचं, ते कोणालाच कळेना.

तिकडे इश्वरभाऊ अड्याळला पोचले होते. अंगणाच्या तोंडाशी त्यांनी केस सारखे केले, चेहऱ्यावर हसू आणलं आणि आत शिरले. दाराला कुलूप होतं. शेजारच्या चंद्रभागाबाई ओट्यावर उन्हात बसल्या होत्या.

"इश्वर? तू इकडं काहून? तुह्या बायकोची माती तं वरठीले हाये ना!"

"म्हाया बायकोची?"

"तूच तं निरोप घेऊन आला म्हणते! सारे तिकडंच गेले."

सकाळी लाडवांची आठवण करणारी बायको इश्वरभाऊंच्या डोळ्यांसमोर आली. त्यांनी खिशातून फोन काढला. त्यावर एक्केचाळीस मिस कॉल होते. त्यांनी मनिषला लावला. पलीकडून आधी नुसतं रडणं ऐकू आलं आणि त्या रडण्यात पुष्पाबाईंचा आवाज सगळ्यांत वर होता. इश्वरभाऊंचा जीव भांड्यात पडला. मग ही एवढी रडते कोणासाठी, या विचारानं तो परत वर आला.

"मामा? कोठून बोलून राहिला तू?"

"तुह्या दारातून! कोण गेलं रे?"

"तूच सांग ना!"

बायाबाईंनी फोन हिसकावून घेतला. "इश्वर, खरं सांग. कोण गेलं?"

"कोणी नाही बाई."

"मंग कायले आला होता?"

वाटभर ठरवलेली सगळी वाक्यं इश्वरभाऊ विसरले. "असंच," ते म्हणाले. "तुले भेटाले. एकदा तरी सायकलनं तुह्या घरी कोणाचं मरण न घेता याचं होतं मले."

पलीकडून नाक शिंकरल्याचा आवाज आला.

"चाबी चंद्रभागाबाईपाशी हाये," मग बायाबाई म्हणाल्या. "घर उघड अन् आराम कर. आमी येतो. पुष्पीलेबी आणतो."

दुपारी अड्याळला नऊ माणसं जेवली. पुष्पाबाईंनी जेवता जेवता जाहीर केलं, की ही सायकल उद्या भंगारात जाईल. बायाबाई म्हणाल्या, "राहू दे वो. मी इतके वर्षं त्या सायकलीचं सुतक धरूनच बसली होती, अन् तो नुसता भेटाले आला. येऊ दे त्याले."

त्यानंतर दर रविवारी इश्वरभाऊ अड्याळला जाऊ लागले. तुलाराम हात हलवायचा. निर्मलाबाई सक्तीनं अर्धा कप चहा पाजायच्या, पाणी वेगळं. बायाबाई सकाळपासून ओट्यावर येऊन बसायच्या.

फाल्गुनात एका रविवारी इश्वरभाऊंना सर्दी झाली. बाहेरही पडवेना. ते गोधडी ओढून पडून राहिले. सात वाजता तुलारामनं तलावाच्या पाळीवरून रस्ता बघितला, आठ वाजता निर्मलाबाईंनी दुकानाबाहेर येऊन बघितला, आणि दहा वाजता वरठीच्या अंगणात अड्याळची जीप येऊन थांबली. आतून सात माणसं डोळे पुसत उतरली.

पुष्पाबाई दारातच उभ्या होत्या. "जित्ते हायेत," त्या म्हणाल्या. "सर्दी हाये."

बायाबाई तडक आत गेल्या. भावाच्या कपाळावर हात ठेवून त्या खाटेवर बसल्या.

"बाई, एवढ्यासाठी जीप काढली?" इश्वरभाऊ नाक ओढत म्हणाले.

"काय करू मंग?" बायाबाई म्हणाल्या. "पयले तुही सायकल दिसली का जीव जाये. आता नाही दिसली तं जाते."